शिंग आणि सोंड

कीटकांच्या संग्रहात गेंड्या भुंग्याच्या पेटीपुढे माणसं थांबतात आणि सोंड्याच्या पेटीवरून नजर घसरून पुढे जाते. यात नवल नाही. गेंड्या काळाकुळकुळीत, भरदार, डोक्यावर मागे वळलेलं शिंग मिरवणारा. सोंड्या विटकरी रंगाचा, लांबोडका, पुढे खाली वाकलेली बारीक नळी काढलेला. दोघेही माडाचे वैरी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत दोघेही एकाच माडावर सापडू शकतात, त्यामुळे बागायतदार त्यांची नावं एका दमात घेतो. पण खाणं, राहणं आणि वाढणं या तिन्ही बाबतींत हे दोघे इतके वेगळे आहेत, की त्यांना शेजारीशेजारी ठेवून सावकाश पाहण्यात वेगळीच गंमत आहे. असं पाहत गेल्यावर माझं मत लोकांच्या पसंतीच्या उलट बनलं. गेंड्याचं शिंग ही त्याच्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे, आणि सोंड्याची सोंड हाच सगळा सोंड्या आहे.

आधी गेंड्या हातात घेऊ. लांबी साडेतीन ते पाच सेंटिमीटर. पाठ चकचकीत काळी, पोटाखालची बाजू तांबूस-तपकिरी आणि केसाळ. पाठीवरच्या दोन टणक कवचपंखांवर बारीक खळग्यांच्या रांगा आहेत आणि दोन्ही पंख मधोमध एका सरळ रेघेत मिटतात. खरे उडायचे पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. डोक्यामागच्या ढालीला समोरून खोलगट उतार आहे आणि त्या उताराच्या माथ्यावर दोन उंचवटे. पुढच्या पायांच्या नळ्या रुंद, चपट्या, दातेरी. उकरणाऱ्याचे पाय असेच असायला हवेत.

आता शिंग. ते नराला असतं तसं मादीलाही असतं. नराचं बहुधा लांब असतं, पण तेवढ्यावरून नर-मादी ठरवायला गेलं तर फसगत होते. जाणकार भुंगा उलटा करून शेपटाकडे पाहतो. तिथे तांबूस केसांचा झुपका दिसला तर ती मादी. बोगद्यात पुढे सरकताना शिंगाचा टेकू म्हणून उपयोग होतो खरा, पण माड फोडण्याचं मुख्य काम करतात ते जबडे आणि ते दातेरी पाय. शिंग किती वाढणार हे अंगाच्या आकारावर ठरतं आणि अंगाचा आकार अळीपणीच ठरून गेलेला असतो. कोशातून बाहेर पडल्यानंतर भुंगा केसभरही वाढत नाही. तेव्हा ज्याचं कौतुक करत आपण पेटीपुढे उभे राहतो, ते शिंग खरं तर त्याच्या लहानपणच्या जेवणाचा हिशेब आहे.

ते जेवण माडावर झालेलं नसतं. गेंड्याची मादी अंडी घालते ती शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यात, भुशाच्या ढिगात, नाहीतर मरून कुजू लागलेल्या माडाच्या खोडात. दहा-बारा दिवसांत अळी बाहेर येते आणि तीन ते सहा महिने कुजलेलं खात राहते. पूर्ण वाढलेली अळी अंगठ्याएवढी जाड, पांढरट, तपकिरी डोक्याची, पुढे तीन जोड्या पायांची आणि कायम अर्धगोलात वळलेली असते. शेपटाकडचा भाग करडा, काळपट दिसतो, कारण पातळ कातडीतून आतलं खाल्लेलं दिसत असतं. तिच्या आतड्याचा मागचा भाग फुगीर असतो. तिथे सूक्ष्मजीव राहतात, आणि कुजलेल्या लाकडातला, पालापाचोळ्यातला जो चिवट अंश एरवी पचत नाही, तो ते आंबवून फोडतात. खत उपसताना अशी अळी निघाली की पुष्कळजण तिला हुमणी म्हणून मोकळे होतात. पण हुमणी जिवंत मुळं कुरतडते आणि उसाचं शेत बसवते. गेंड्याच्या अळीला जिवंत झाडाशी काही देणंघेणं नसतं. ती वाडीतला केरकचरा पचवून त्याची माती करते. तिचं आयुष्य तिथेच थांबतं, तर माळ्याने तिला मदतनीसच मानलं असतं.

पण ती खतातच मातीची पोकळी करून कोश करते, आणि नवा भुंगा काही दिवस त्या पोकळीत पडून राहून, अंग घट्ट झालं की एका रात्री बाहेर पडतो. त्या रात्रीपासून त्याचं घर बदलतं, आहार बदलतो आणि जगण्याची उंचीसुद्धा बदलते. जमिनीखाली मेलेलं खाणारा जीव आता माडाच्या शेंड्यावर जिवंत रस पिऊ लागतो. झावळीच्या देठाच्या बेचक्यात शिरून तो आतल्या कोवळ्या, अजून न उलगडलेल्या सुरळीपर्यंत बोगदा पाडतो. इथे बारकाईने पाहिलं की दिसतं, तो तंतू गिळत नाही. कोवळा भाग चघळतो, रस घेतो आणि चोथा मागे ढकलतो. बेचक्यातल्या भोकातून ताजा चोथा बाहेर आलेला दिसला, की भुंगा ओढून काढायला गडी लोखंडी आकडी घेऊन माडावर चढतो.

गेंड्याची खरी कारागिरी मात्र तो निघून गेल्यावर दिसते, आणि माझ्या मते ती शिंगापेक्षा कितीतरी देखणी आहे. सुरळीत झावळीच्या सगळ्या पाती मधल्या दांड्याला चिकटून, टोकं वर करून उभ्या असतात. भुंग्याने या जुडीला एक आडवं भोक पाडलं, की भोकाच्या लगेच खालून फुटलेल्या पाती बुडाजवळ तुटतात आणि पुष्कळ खालून फुटलेल्यांची फक्त टोकं जातात. मग यथावकाश झावळ उलगडते, पाती दोन्ही बाजूंना पसरतात आणि त्या एका आंधळ्या भोकातून दोन्हीकडे सारखे, पाचरीच्या आकाराचे नेटके काप उमटतात. घडी घातलेल्या कागदाला एकदाच कात्री लावावी आणि उलगडल्यावर नक्षी निघावी, तसंच हे. भुंग्याच्या मनात नक्षी नव्हती. ती झावळीच्या घडीत होती. रसिकाने दाद कुणाला द्यायची, भुंग्याला की माडाला, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

या नक्षीत काळही नोंदलेला असतो. भरात असलेला माड वर्षाला बारा ते चौदा झावळ्या काढतो, म्हणजे महिन्याला साधारण एक. शेंड्यावर एका वेळी तीसच्या आसपास झावळ्या असतात. तेव्हा मधल्या सुरळीपासून खाली मोजत जाऊन कितव्या झावळीवर काप आहे ते पाहिलं, की गेंड्या कधी येऊन गेला याचा अंदाज बांधता येतो. आज डोळ्यांपुढे आलेला काप काही महिन्यांपूर्वीचा असतो, आणि सगळ्यात खालच्या वाळत आलेल्या झावळीवरचा दोन-अडीच वर्षांपूर्वीचा. गेंड्या न उमललेली पोय, म्हणजे फुलोराही फोडतो, तेव्हा नुकसान नारळांच्या संख्येत दिसतं. लहान रोपाच्या कोंबापर्यंत तो पोचला तर रोप मरतं. पण मोठा माड गेंड्यामुळे सहसा मरत नाही. कातरलेल्या झावळ्या वागवत तो उभा राहतो आणि सगळं उघड सांगतो.

सोंड्या यातलं काहीच उघड सांगत नाही.

हाताच्या तळव्यावर तो गेंड्यापेक्षा लहान भरतो, लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. रंग गंजलेल्या लोखंडाचा. डोक्यामागच्या ढालीवर काळे ठिपके, आणि ते प्रत्येकावर वेगळे: कुणावर पुष्कळ, कुणावर मोजके, कुणावर नाहीतच. कवचपंखांवर लांब उभे चर. हे पंख आखूड असल्यामुळे पोटाचं टोक मागे उघडं राहतं. या रंगांच्या लहरींनी तज्ज्ञांनाही दमवलं आहे. तांबड्या पट्ट्याचा काळपट सोंड्या आणि ठिपक्यांचा विटकरी सोंड्या एकच की दोन जाती, यावर एकमत होईना. आधी दोन मानल्या, २००४ साली एक ठरवल्या, २०१३ साली जनुकीय पुराव्यावरून पुन्हा दोन केल्या. कॅलिफोर्नियातल्या लगूना बीचला २०१० साली सापडलेला भुंगा या शेवटच्या फेरतपासणीत ठिपक्यांच्या नव्हे, तांबड्या पट्ट्याच्या जातीचा निघाला.

तरीही नजर शेवटी सोंडेवरच येऊन थांबते. पाहणाऱ्याला वाटतं, ही रस ओढायची नळी असेल. तसं नाही. ते पुढे लांबलेलं डोकंच आहे आणि त्याच्या अगदी टोकाला चिमुकले पण सक्षम जबडे आहेत. सोंडेच्या बुडाशी कोपरात वाकलेल्या दोन शृंगिका आहेत, त्यांची टोकं गदेसारखी फुगीर आणि मखमली, आणि तिथे गंध टिपणारी इंद्रियं दाटीने बसलेली. नराच्या सोंडेवर केसांचा छोटा ब्रश असतो, मादीची सोंड गुळगुळीत, बारीक आणि जास्त बाकदार. गेंड्यात मादीची खूण शेपटाकडच्या केसांत, सोंड्यात नराची खूण सोंडेवरच्या केसांत. मादीची सोंड केसाशिवाय का, हे तिचं काम पाहिलं की पटतं. माडाच्या मऊ भागात सोंडेने ती भोक पाडते, वळते, त्यात अंडं ठेवते आणि वरून स्रावाने तोंड बंद करते. वास घेणं, जागा निवडणं, खाणं आणि पाळण्यासाठी जागा कोरणं, एवढं सगळं एका अवयवाच्या भोवती रचलेलं आहे. त्यात शोभेचा भाग शोधून सापडत नाही.

अशी दोन-तीनशे अंडी. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि आल्या क्षणी ती आपल्या अन्नाच्या आत असते. तिला पाय नाहीत. खतात हिंडणाऱ्या गेंड्याच्या अळीला पाय लागतात, चहूबाजूंनी अन्नाने वेढलेल्या या अळीला जाणार कुठे? मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, पिवळसर, आणि पुढे लालसर-तपकिरी डोक्यावर भक्कम जबडे. अंग आकसत-पसरत ती खोडाच्या मऊ गाभ्यातून पुढे सरकते आणि मागे चावलेल्या तंतूंचा लगदा ठेवत जाते. तो आंबतो, आंबताना ऊब धरतो. बाहेर हवा गार असली तरी आत अळ्यांना ती बोचत नाही. महिना ते तीन महिने असं खाऊन झालं, की अळी माडाचेच तंतू अंगाभोवती गुंडाळून लंबगोल, घट्ट कोश विणते. गेंड्याने कोशासाठी माती वापरली होती, सोंड्याने काथ्या वापरला. जिथे वाढलो तिथलंच साहित्य, हा नियम दोघांनीही पाळला.

कोशातून निघालेल्या सोंड्याला स्थलांतराची सक्ती नसते. त्याच खोडात जोडी जमते, त्याच खोडात पुढची पिढी वाढते. एकाच माडात अंडी, अळ्या, कोश आणि भुंगे एकाच वेळी नांदत असतात, आणि बाहेरून माड हिरवागार दिसतो. अनुभवी माणूस खोडावरची लहान भोकं, त्यांतून डोकावणारा भुसा आणि ओघळलेला तपकिरी चिकट द्रव शोधतो. खोडाला कान लावला तर कधीकधी आतली कुरकुर ऐकू येते. हाच धागा पकडून संशोधकांनी आता खोडाला लावायचे संवेदनशील ध्वनिमापक बनवले आहेत. मधल्या झावळ्या माना टाकू लागल्या, म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो. नंतर शेंडाच मोडून पडतो.

आता दोघे एकमेकांसमोर ठेवू. गेंड्याची अळी निरुपद्रवी आणि भुंगा घातक. सोंड्याचा भुंगा थोडंफार खातो, घात करते ती अळी. गेंड्या रात्री हिंडतो, सोंड्या बहुतेक दिवसा. गेंड्याचं आयुष्य दोन घरांत आणि दोन आहारांत विभागलेलं: लहानपणी मेलेलं, मोठेपणी जिवंत. सोंड्याचं घर आणि ताट एकच. गेंड्याला शेंडा हवा असतो कारण रस तिथे असतो, सोंड्याला गाभा हवा असतो कारण मुलं तिथे वाढतात. साम्य एका ठिकाणी आहे. दोन्ही जातींत नर असा गंध सोडतो की त्याच्याकडे नर आणि माद्या दोघेही ओढले जातात. ते गंध प्रयोगशाळेत तयार करून बागायतदार सापळे लावतात. सोंड्याच्या बादलीत गंधाच्या कुपीबरोबर आंबवलेली फळं किंवा ऊसही ठेवतात, कारण आंबट वास म्हणजे जखमी माड, हे समीकरण त्याच्या शृंगिकांत पक्कं बसलेलं आहे.

राहणी वेगळी असली की प्रवासही वेगळा होतो. गेंड्याला वाढायला केरकचरा पुरतो, म्हणून तो मालाबरोबर जाणाऱ्या मातीतून आणि कुजक्या लाकडातून समुद्रापार गेला. १९०९ साली श्रीलंकेहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर तो सामोआत उतरला आणि पॅसिफिक बेटांवर पसरत गेला. २००७ साली तो ग्वामला आणि २०१३ साली हवाईला सापडला. सोंड्या मात्र झाडाबाहेर तग धरायला बनलेलाच नाही. तो झाडाच्या पोटात बसून जातो. भारतात त्याची माडावरची कीड म्हणून ठळक नोंद कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ साली केली. पुढे खजुराची रोपं देशोदेशी जाऊ लागली, तसा तो १९८०च्या दशकात आखाती देशांत, १९९०च्या दशकात इजिप्तमार्गे स्पेनमध्ये पोचला. युरोपात त्याला नारळ मिळाले नाहीत आणि खजुराचं पीकही क्वचितच. रस्त्यांच्या आणि बंगल्यांच्या शोभेसाठी लावलेले ताडवर्गीय वृक्ष त्याला पुरले. जागतिक वारसा ठरलेल्या स्पेनमधल्या एल्चे इथल्या खजूरबनालाही त्याच्याशी झगडावं लागलं. एक कचऱ्याबरोबर गेला, दुसरा शोभेबरोबर.

उपायही ज्याच्या त्याच्या राहणीतूनच निघतात. गेंड्या खड्ड्याकडे परततो, ही त्याची कमजोरी. म्हणून खताच्या खड्ड्यात हिरवी बुरशी मिसळतात. ती अळ्यांवर वाढून त्यांना मारते. संशोधक आलोइस हूगर यांना १९६३ साली मलेशियात गेंड्याच्या अळ्यांत एक विषाणू सापडला आणि १९६७ साली तो सामोआत सोडला गेला. लागण झालेला भुंगा लगेच मरत नाही. उडत राहतो, खड्ड्यांवर इतरांना भेटतो आणि विष्ठेतून विषाणू पसरवत जातो. गेंड्याची भटकंतीच त्याच्यावर उलटते. सोंड्यावर असा डाव चालत नाही, कारण त्याची अंडी, अळ्या आणि कोश सगळं खोडाच्या आत दडलेलं असतं. त्याच्यासाठी दारच बंद ठेवावं लागतं. खोडाला जखम होऊ द्यायची नाही, हिरवी झावळ तोडायची झाली तर देठाचा हातभराहून लांब भाग राखून तोडायची, आणि झालेलं भोक ताबडतोब बुजवायचं. माडाच्या खोडाला आंबा-फणसासारखी नवी साल धरून जखम भरून काढता येत नाही. पडलेलं भोक जन्मभर राहतं.

आणि इथे दोघांच्या गोष्टी एकमेकींत गुंततात. शेंड्यात पहिलं भोक पाडतो गेंड्या. ताज्या जखमेचा वास सुटतो आणि तो सोंड्याला बोलावतो. सोंड्या आत शिरतो, त्याच्या पिढ्या गाभा खातात, माड मरतो. मेलेला माड जागच्या जागी उभा किंवा आडवा कुजू लागतो, आणि त्या कुजक्या खोडात गेंड्याची मादी अंडी घालायला येते. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, दोघांत करार नाही, पण एकाचं उष्टं दुसऱ्याचा पाळणा ठरतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली पट्ट्यात माड-पोफळी आडव्या केल्या. अशा वेळी पडलेली खोडं उचलायचा लकडा जाणकार का लावतात, ते या साखळीवरून कळतं. वादळात वाचलेल्या माडांना पुढचा धोका त्या पडलेल्या खोडांतूनच उठणार असतो.

बागायतदाराच्या नुकसानीवर बसून भुंग्यांचं कौतुक करणं बरं दिसतं का, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं एवढंच, की ज्याने नीट पाहिलं त्यालाच यांच्याशी नीट लढता आलं. आकडी, बुरशी, विषाणू, गंधसापळा, राखलेला देठ, यातला एकेक उपाय कुणीतरी या जिवांकडे मन लावून पाहत बसल्यामुळे हाती आला.

आता निवड करायची झाली तर विस्तारासाठी मी गेंड्याला मान देईन. एका जन्मात दोन जगं वापरणारा आणि जाता जाता झावळीवर नक्षी सोडणारा असा जीव सहज मिळत नाही. घडणीच्या काटेकोरपणात मात्र सोंड्या सरस आहे. त्याच्या अंगावरचं काही काढून टाकावं म्हटलं तर काय काढणार? शिंग काढलेला गेंड्या कल्पनेत तरी उभा राहतो, सोंडेविना सोंड्या उरतच नाही.

तेव्हा वाडीत कुणी गेंड्या पकडून आणला, तर मुलांना तो जरूर दाखवावा, त्याच्या शिंगाचं कौतुकही होऊ द्यावं. पण लगेच विचारावं, कुठल्या माडावर मिळाला, आणि भोक बुजवलं का? सोंड्याला एव्हाना वास लागलेला असेल.